प्रोग्रॅमिंगची सुरुवात पायथनपासून: नवख्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आजवर कोडची एकही ओळ लिहिलेली नाही पण शिकायचं आहे, अशा कोणासाठीही हे पान आहे. मग ती व्यक्ती अकरावीत असो, बँकेत नोकरीला असो की निवृत्त झालेली असो. वाचण्याआधी एक सूचना. इथे आज्ञांची नावं देवनागरीत दिली आहेत: प्रिंट, इनपुट, इफ, फॉर. संगणकावर त्या इंग्रजी लिपीत, सगळ्या लहान अक्षरांत टाइप करायच्या. काही आज्ञा आखूड केलेल्या असतात. इंट म्हणजे इंटीजरची पहिली तीन अक्षरं, लेन म्हणजे लेंग्थची पहिली तीन.

कोणत्या भाषेने सुरुवात करावी?

पायथनने. हा प्रश्न लोक महिनोन् महिने चघळतात आणि तेवढ्या काळात एक भाषा शिकून झाली असती. पायथन फुकट आहे, विंडोज, लिनक्स, मॅक सगळीकडे चालते, आणि पहिला चालू प्रोग्रॅम एका ओळीत होतो. गिदो व्हान रॉसम या डच प्रोग्रॅमरने ती १९९१ मध्ये पहिल्यांदा प्रसिद्ध केली. आज ती शाळेच्या पुस्तकापासून हवामानाच्या आकडेमोडीपर्यंत वापरात आहे.

अपवाद आहेत. फक्त वेबसाइटच बनवायची असेल तर एचटीएमएल, सीएसएस आणि मग जावास्क्रिप्ट हा रस्ता सरळ पडतो. आठ-नऊ वर्षांच्या मुलाला शिकवायचं असेल तर एमआयटीत तयार झालेलं स्क्रॅच द्या. त्यात रंगीत ठोकळे जोडायचे असतात, स्पेलिंग चुकायचा प्रश्नच नाही.

जुन्या धड्यांपासून मात्र सांभाळा. पायथन २ ची देखभाल १ जानेवारी २०२० ला थांबली, पण तिचे व्हिडिओ आणि पीडीएफ अजून फिरतात. ओळखायची खूण सोपी आहे: प्रिंटनंतर कंस नसेल तर तो धडा जुना. तो तसाच टाइप केलात तर आजच्या पायथनमध्ये पहिल्याच ओळीला अडेल.

कॉलेजात पहिल्या वर्षाला सी आहे. मग पायथन कशाला?

परीक्षा सीची असेल तर सी शिकावीच लागेल. तरीही आधी तीन-चार आठवडे पायथन करून गेलात तर सी हलकी जाते. अट, लूप (तेच काम पुन्हा पुन्हा करणं), फंक्शन (नाव देऊन ठेवलेला कोडचा तुकडा) या कल्पना दोन्हीकडे त्याच आहेत. पायथनमध्ये त्या डोक्यात बसतात, आणि मग सीमध्ये अर्धविराम, चलाचा (किंमत साठवायच्या नाव दिलेल्या जागेचा) प्रकार आणि पॉइंटर (मेमरीतला पत्ता) एवढ्यांशीच झगडायचं उरतं.

सी शिकताना खरी अडचण भाषेची कमी आणि टर्बो सीची जास्त असते. निळ्या पडद्याचा हा डॉसच्या जमान्यातला कंपायलर (कोडचं यंत्राच्या भाषेत रूपांतर करणारा प्रोग्रॅम) कित्येक कॉलेजांच्या लॅबमध्ये अजून डॉसबॉक्स हा डॉसची नक्कल करणारा प्रोग्रॅम लावून चालवला जातो. त्यात पूर्णांक १६ बिटांचा असतो, म्हणजे जास्तीत जास्त ३२७६७. त्यामुळे २०० गुणिले २०० केलं की उत्तर ४०००० न येता −२५५३६ येतं, आणि विद्यार्थी आपलंच गणित पुन्हा पुन्हा तपासत बसतो. शिवाय त्यातल्या पडदा पुसायच्या क्लिअरस्क्रीनसारख्या आज्ञा सीच्या मानकात नाहीतच, त्यामुळे लॅबमध्ये चाललेला प्रोग्रॅम घरी जीसीसी या आजच्या कंपायलरवर चालत नाही. घरी कोडब्लॉक्स टाका, आणि तेही मिनजीडब्ल्यूसकट (त्यात जीसीसी येतो) असलेलं. नाहीतर नुसता संपादक (कोड लिहायचा प्रोग्रॅम) येतो, कंपायलर येत नाही.

कसला लॅपटॉप लागेल?

घरात असेल तो. पहिल्या सहा महिन्यांत तुम्ही जे लिहाल त्याला ४ जीबी रॅमचं जुनं यंत्रही पुरतं. ८ जीबी आणि एसएसडी असेल तर ब्राउझर आणि संपादक एकत्र उघडून काम करणं सुसह्य होतं. कोर्स सुरू करायचा म्हणून गेमिंग लॅपटॉपचे हप्ते लावून घेऊ नका. विंडोज ७ असलेल्या यंत्रावर पायथन ३.८ ही शेवटची चालणारी आवृत्ती. त्यापुढची टाकायला गेलात तर इन्स्टॉलर नकार देतो. शिकण्यापुरती ३.८ चालते, पण शक्य असेल तर त्यावर लिनक्स टाकून मोकळे व्हा.

फक्त मोबाइल आहे. चालेल का?

सुरुवातीला चालेल. अँड्रॉइडवर पायड्रॉइड ३ हे ॲप नेट नसतानाही पायथन चालवतं. किंवा ब्राउझरमध्ये गूगल कोलॅब उघडा. त्याला नेट आणि गूगलचं खातं लागतं. मोबाइलचा त्रास वेगळाच असतो: कीबोर्ड वाक्याचं पहिलं अक्षर आपोआप मोठं करतो, त्यामुळे प्रिंटचं पहिलं अक्षर मोठं पडतं आणि पायथनला ते नाव ओळखताच येत नाही. कीबोर्डच्या सेटिंगमध्ये जाऊन आपोआप मोठं अक्षर आणि आपोआप दुरुस्ती, दोन्ही बंद करा. शे-दोनशे रुपयांची ओटीजी जोडणी घेऊन यूएसबी कीबोर्ड लावलात तर निम्मा वैताग संपतो. लूपच्या आत लूप लिहायची वेळ आली की मात्र मोठा पडदा हवाच; तोवर ग्रंथालयातला, मित्राचा, ऑफिसातला संगणक कुठे मिळतो ते पाहून ठेवा.

पायथन टाकताना अडतं कुठे?

बहुतेकांचं एकाच ठिकाणी. विंडोजच्या नेहमीच्या इन्स्टॉलरमध्ये पहिल्याच पडद्यावर खाली एक चौकोन असतो: पायथन पाथमध्ये (विंडोज आज्ञा जिथे शोधतं त्या फोल्डरांच्या यादीत) घालायचं का? तो आपणहून टिक केलेला नसतो. घाईत वरचं मोठं इन्स्टॉलचं बटण दाबलं जातं, आणि नंतर कमांड प्रॉम्प्टवर (आज्ञा टाइप करायच्या काळ्या खिडकीत) पायथन टाइप केलं की विंडोज म्हणतं, अशी आज्ञा मला माहीत नाही. कधी कधी त्याहून विचित्र होतं आणि थेट मायक्रोसॉफ्ट स्टोअर उघडतं. विंडोजने त्या नावाचा स्वतःचा एक आडमार्ग ठेवलेला असतो, म्हणून हे घडतं.

उपाय दोन. कमांड प्रॉम्प्टवर पूर्ण नावाऐवजी त्याची पहिली दोनच इंग्रजी अक्षरं, पी आणि वाय, टाइप करून पाहा. बहुतेक वेळा तेवढ्याने भागतं. नाहीतर इन्स्टॉलर पुन्हा चालवा, बदल करण्याचा पर्याय निवडा आणि पुढच्या पडद्यावर पाथचा चौकोन टिक करा. आधी उघडलेली काळी खिडकी बंद करून नवी उघडायला विसरू नका, कारण जुनीला नवा पाथ कळत नाही.

या सगळ्यात पडायचंच नसेल तर थॉनी टाका. एस्टोनियातल्या तार्तू विद्यापीठात खास नवशिक्यांसाठी बनलेला हा संपादक आहे. पायथन त्याच्या पोटातच येतं, वेगळं टाकावं लागत नाही. व्हीएस कोड उत्तम आहे, पण पहिल्या महिन्यात त्याची बटणं आणि एक्स्टेन्शनं शिकण्यातच वेळ जातो.

कोड लिहायचा कुठे? तीन बाणांपुढे की फाइलमध्ये?

तीन बाणांची खूण दिसते तो शेल. तिथे एक ओळ लिहून एंटर दाबली की लगेच उत्तर येतं. एखादी गोष्ट आजमावायला तो छान आहे: ७ भागिले २ किती येतं, ७ ला दोन भागाकाराच्या रेघांनी २ ने भागलं तर किती (पहिल्याचं ३.५, दुसऱ्याचं ३). पण शेलमधलं खिडकी बंद केली की गेलं. प्रोग्रॅम नेहमी फाइलमध्ये लिहा, सेव्ह करा आणि एफ५ दाबून चालवा. थॉनीत आणि पायथनबरोबर येणाऱ्या आयडलमध्ये बटण तेच. पुस्तकातले तीन बाण फाइलमध्ये उतरवू नका, ते कोडचा भाग नाहीत.

फाइलला नाव देताना एक खड्डा आहे. पायथनबरोबर येणारं रँडम (कोणताही आकडा निवडणारं) किंवा टर्टल (चित्र काढणारं) शिकतोय म्हणून फाइललाही तेच नाव दिलंत, तर पायथन स्वतःच्या संग्रहातलं रँडम न उचलता तुमचीच फाइल उचलतो आणि हवं ते फंक्शन त्यात नाही असं सांगतो. फाइलचं नाव बदललं की चालतं. अशा वेळी कोडमध्ये चूक शोधत संध्याकाळ घालवू नका.

इंग्रजी कच्चं आहे. जमेल का?

पायथनमध्ये राखीव शब्द ३५ आहेत. रोज हात चालवलात तर पंधरा दिवसांत ते बोटांना येतात. खरं इंग्रजी लागतं ते एररचा मजकूर आणि मदतीची पानं वाचायला, आणि तेही ठरावीक शब्दांचं असतं.

पायथन ३ मध्ये चलांची नावं मराठीत देता येतात. युनिट, बिल, एकूण_गुण अशी देवनागरी नावं सरळ चालतात. शिकताना त्याचा फायदा होतो: कोणता शब्द पायथनचा आणि कोणता आपण ठेवलेला, हे नजरेला लगेच कळतं. फक्त ‘ऱ्य’सारखी अक्षरं नावात टाळा. ती काही कीबोर्डांवर न दिसणारं जोडचिन्ह घालून उमटतात आणि पायथन ते चिन्ह स्वीकारत नाही. आकडे मात्र कोडमध्ये इंग्रजीच लिहायचे. गंमत म्हणजे वापरणाऱ्याने इनपुटमध्ये देवनागरीत १२३ टाइप केलं, तर इंट त्याचा व्यवस्थित आकडा करून देतो. तोच १२३ तुम्ही कोडमध्ये लिहिलात तर सिंटॅक्स एरर, म्हणजे भाषेच्या व्याकरणाची चूक. नोकरीच्या ठिकाणी नावं इंग्रजीतच लागतील, तेव्हा दोन-तीन महिन्यांनी सवय बदला.

गणित?

टक्केवारी, बाकी, कंसांचा क्रम. दहावीचं पुरे. गेम, ग्राफिक्स किंवा मशीन लर्निंगकडे वळलात तर पुढचं लागेल, तेव्हा पाहा.

क्रम काय ठेवावा?

प्रिंट आणि इनपुट, चल, मग इफ. मग व्हाइल आणि फॉर लूप, त्यानंतर लिस्ट (यादी), फंक्शन, डिक्शनरी (नावावरून किंमत शोधायची नोंद), फाइल वाचणं-लिहिणं. क्लास आणि ऑब्जेक्ट यांच्या मागे पहिल्या दोन महिन्यांत लागू नका. यादीत त्यांचं नाव ‘ॲडव्हान्स्ड’ असं चमकतं म्हणून लोक धावतात आणि तिथेच सोडून देतात.

सर्वांत जास्त वेळ लूपला द्या. लूपमध्ये दोन चुका सगळ्यांच्या होतात. पहिली: रेंज १ ते १० सांगितलं की पायथन ९ लाच थांबतो, कारण शेवटचा आकडा धरायचा नसतो. १० पर्यंत हवं असेल तर ११ लिहा. दुसरी: व्हाइलच्या आत मोजणारा चल वाढवायचा राहतो आणि प्रोग्रॅम अखंड चालू राहतो. घाबरू नका, कंट्रोल दाबून धरून सी दाबा, थांबेल.

लूप कसा फिरतो ते डोळ्यांनी पाहायचं असेल तर थॉनीत एफ५ ऐवजी कंट्रोल आणि एफ५ दाबा, मग एफ७ दाबत एकेक पाऊल पुढे जा. व्ह्यू मेन्यूतून व्हेरिएबल्सची खिडकी उघडी ठेवलीत तर प्रत्येक पावलाला कोणत्या चलात काय आहे ते बाजूला दिसतं. पाच फेऱ्यांचा लूप असा दोनदा पाहिला की फळ्यावरच्या तासाभराचं काम होतं.

५ आणि ५ ची बेरीज ५५ कशी येते?

कारण इनपुटमधून आलेलं सगळं मजकूर असतं, आकडा दिसला तरी. दोन मजकूर जोडले की ते शेजारी शेजारी बसतात. आकडा हवा असेल तर इनपुटला इंटच्या कंसात गुंडाळा. पॉइंटातले आकडे येणार असतील तर फ्लोटच्या. बेरजेत निदान ५५ पाहून शंका येते. गुणाकार जास्त फसवा आहे: मजकुरातल्या ३ ला खऱ्या ५ ने गुणलं तर ३३३३३ मिळतं, एररही येत नाही.

लाल अक्षरं आली की काय करायचं?

सगळ्यात खालची ओळ आधी वाचा. तिथे चूक कोणत्या प्रकारची आणि कशामुळे ते लिहिलेलं असतं. मग त्याच्या वर ओळ क्रमांक पाहा. बहुतेक नवशिके वरून वाचायला लागतात, दुसऱ्या ओळीवर कंटाळतात आणि खिडकी बंद करतात.

नेम एरर म्हणजे ते नाव पायथनला माहीत नाही: स्पेलिंग चुकलं, मोठं-लहान अक्षर बदललं किंवा मजकुराला अवतरणचिन्हं घालायची राहिली. टाइप एरर म्हणजे मजकूर आणि आकडा यांची सांगड घातली. व्हॅल्यू एरर बहुधा तेव्हा, जेव्हा इंटला ‘बारा’ किंवा रिकामी ओळ दिली जाते. इंडेक्स एरर: पाच वस्तूंच्या लिस्टमध्ये पाच क्रमांकाची मागितलीत, पण मोजणी शून्यापासून असल्याने शेवटची चार क्रमांकाची आहे.

इंडेंटेशन एरर हा पायथनचा खास. इफ, फॉर यांच्या ओळीच्या शेवटी दोन टिंबं येतात आणि त्यांच्या आतल्या ओळी चार स्पेस आत सरकवायच्या असतात. कुठे टॅब, कुठे स्पेस अशी सरमिसळ केली की दिसायला सगळं सरळ, पण पायथनला नाही. संपादकात टॅब दाबल्यावर चार स्पेस पडतील अशी सोय असते. आयडल आणि थॉनीत ती आधीपासूनच आहे.

सिंटॅक्स एररने दाखवलेल्या ओळीत काहीच चूक सापडत नसेल तर तिच्या वरची ओळ पाहा. तिथला कंस किंवा अवतरणचिन्ह उघडंच राहिलेलं असतं. ऑक्टोबर २०२१ मध्ये आलेल्या पायथन ३.१० पासून कंस बंद केला नाही असा सरळ निरोप येतो, त्यामुळे जुनी आवृत्ती असेल तर ती बदलणं फायद्याचं.

व्हॉट्सॲपवर आलेला कोड कॉपी केला, तो चालत का नाही?

अवतरणचिन्हांमुळे. वर्ड आणि कित्येक मोबाइल कीबोर्ड सरळ अवतरणचिन्हाचं वळणदार करतात. पायथनला फक्त सरळ चालतं. त्यात ओळीच्या सुरुवातीची रिकामी जागा वाटेत हरवते, आणि ताराचिन्ह ठळक अक्षरांची खूण समजून गिळलं जाऊ शकतं. कोड पाठवायचा तर फाइल जोडून पाठवा. आणि शिकत असाल तर कॉपी करूच नका, हाताने टाइप करा. कंस विसरणं, दोन टिंबं राहणं या चुका टाइप करतानाच होतात आणि टाइप करूनच सुटतात.

व्हिडिओ पाहताना सगळं कळतं, स्वतः लिहायला बसलं की डोकं कोरं. काय करावं?

हा सगळ्यात जास्त येणारा प्रश्न आहे. व्हिडिओत कोणीतरी आधीच विचार करून ठेवलेला असतो, तुम्ही फक्त त्याच्या मागून चालता. लिहायचा भाग टाइप करण्याचा नाही, तो कागदावर होतो. म्हणून आधी मराठीत लिहा.

विजेचं बिल घ्या. घरगुती बिलात पहिली १०० युनिटं एका दराने, १०१ ते ३०० दुसऱ्या, त्यापुढे आणखी चढ्या दराने लागतात. हिशेब सोपा ठेवायला दर ५, १० आणि १५ रुपये धरू आणि टप्पे तीनच ठेवू. खऱ्या बिलात स्थिर आकार, वहन आकार, वीज शुल्क असं बरंच असतं, ते नंतर जोडा.

कागदावर आधी एक उदाहरण सोडवा: २५० युनिटं. पहिल्या १०० चे ५००, उरलेल्या १५० चे १५००, एकूण २०००. पुष्कळजण इथेच २५० ला १० ने गुणून २५०० काढतात. तसं काढलं असेल तर अडचण पायथनची नाही, टप्पा म्हणजे काय तेच अजून कळलेलं नाही. आता पायऱ्या:

युनिट विचारा
युनिट १०० किंवा कमी असतील तर
    बिल = युनिट × ५
नाहीतर, ३०० किंवा कमी असतील तर
    बिल = ५०० + (युनिट − १००) × १०
नाहीतर
    बिल = २५०० + (युनिट − ३००) × १५
बिल दाखवा

याचा पायथन करणं आता जवळजवळ ओळीला ओळ आहे: तर म्हणजे इफ, मधलं नाहीतर म्हणजे एलिफ, शेवटचं एल्स, गुणाकाराला ताराचिन्ह. अटींचा क्रम महत्त्वाचा. पहिली अट ‘१०० पेक्षा जास्त’ आणि दुसरी ‘३०० पेक्षा जास्त’ अशी लिहिलीत, तर ४०० युनिटंही पहिल्याच अटीत अडकतात. दुसरीपर्यंत कोणी पोचतच नाही.

मग तपासा, आणि तेही उंबरठ्यावरचे आकडे घालून: ० ला ०, १०० ला ५००, १०१ ला ५१०, ३०० ला २५००, ३०१ ला २५१५. चुका नेहमी अशा काठावर दडलेल्या असतात. शेवटी −५ घालून पाहा. प्रोग्रॅम निमूटपणे −२५ रुपये बिल देईल. आता त्याला काय सांगायचं ते तुम्ही ठरवा.

अशा पाच गोष्टी स्वतःच्या रोजच्या कामातून काढा: भिशीचा हिशेब, दुधाची वही, वर्गाची हजेरी, सोसायटीची थकबाकी. नमुन्याच्या शंभर प्रश्नांपेक्षा जास्त शिकाल.

पैशांच्या हिशेबात लांबलचक शेपूट का येतं?

०.१ आणि ०.२ ची बेरीज पायथन ०.३०००००००००००००००४ अशी दाखवतो. संगणक अपूर्णांक दुहेरी पद्धतीत साठवतो आणि ०.१ तिथे नेमका मावत नाही. पायथनची ही चूक नव्हे; सी, जावा, जावास्क्रिप्टमध्येही मुळात तेच घडतं. उपाय: सगळा हिशेब पैशांत, पूर्णांकात करा आणि दाखवताना १०० ने भागा. नुसतं राउंड करून झाकाल तर ती तफावत हजार नोंदींच्या बेरजेत पुन्हा वर येते.

मराठी मजकुराची फाइल उघडली की भलतीच अक्षरं का दिसतात?

कारणं तीन, आणि तिन्ही वेगळी.

फाइल उघडताना एन्कोडिंग (अक्षरं आकड्यांत साठवायची पद्धत) सांगितलेलं नसेल तर विंडोजवर पायथन बहुधा जुनं पाश्चात्त्य एन्कोडिंग गृहीत धरतो. ओपनच्या कंसात एन्कोडिंग यूटीएफ-८ असं स्पष्ट लिहा. हे झालं पहिलं. पायथनने लिहिलेली सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली फाइल) एक्सेलमध्ये उघडल्यावर घोळ होत असेल, तर लिहिताना यूटीएफ-८-सिग वापरा, म्हणजे फाइलच्या सुरुवातीला एक खूण बसते आणि एक्सेलला कळतं.

तिसरं कारण आपल्याकडचं खास: मजकूर श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या फाँटमध्ये टाइप केलेला असतो. तो देवनागरी दिसतो, पण फाइलमध्ये प्रत्यक्षात इंग्रजी अक्षरंच असतात. एन्कोडिंग कितीही बदला, उपयोग नाही. आधी तो युनिकोडमध्ये (सगळ्या लिप्यांच्या सामाईक पद्धतीत) रूपांतरित करून घ्यावा लागतो. जुन्या कचेऱ्या, छापखाने, पतसंस्था यांच्या याद्यांवर काम करायचं असेल तर हे पहिल्याच दिवशी तपासा.

अक्षरं मोजतानाही सांभाळा. ‘नमस्ते’ची लांबी लेन ६ सांगतो: न, म, स, हलन्त, त आणि मात्रा असे सहा घटक. मजकूर उलटा केला की मात्रा भलत्याच अक्षराला चिकटते.

एआयकडून कोड लिहून घेतला तर?

तयार प्रोग्रॅम मागू नका, खुलासा मागा. ‘ही एरर का आली, उत्तर न देता इशारा दे’ असं विचारलंत तर तो रात्री अकराला हजर असलेला शिक्षक आहे. ‘वीजबिलाचा प्रोग्रॅम दे’ म्हणालात तर वर सांगितलेलं कागदावरचं सगळं काम तो करून टाकेल आणि तुम्हाला फक्त कॉपी करणं येईल. त्याचा कोड कधी कधी आत्मविश्वासाने चुकीचा असतो. उंबरठ्यावरचे आकडे घालून तपासायची सवय इथे उपयोगी पडते.

फुकट कुठे शिकता येईल? क्लास लावावा का?

आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात छोटे छोटे धडे आहेत. अर्ध्या पडद्यावर धडा, अर्ध्यावर आपलं काम अशी त्यांची पद्धत, आणि पुष्कळ विषय मराठी आवाजातही मिळतात. एनपीटीईएल या आयआयटींच्या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या संकेतस्थळावर आयआयटी रोपारचा ‘जॉय ऑफ कम्प्युटिंग युजिंग पायथन’ हा १२ आठवड्यांचा अभ्यासक्रम आहे. ऐकायला पैसे नाहीत. प्रमाणपत्र हवं असेल तर शुल्क भरून केंद्रावर परीक्षा द्यायची. एक निवडा आणि संपवा. पाच अर्धवट कोर्सांचा उपयोग शून्य.

एमएस-सीआयटी झालेलं असेल तर फाइल, फोल्डर, टायपिंग यांची भीती गेलेली असते, तो फायदा मोठा आहे. पण त्यात मुख्य भर संगणक वापरण्यावर असतो. प्रोग्रॅमिंग वेगळं शिकावं लागतं.

क्लास लावायचा तर आधी एक तास बसून पाहू द्या म्हणा. विद्यार्थी स्वतः टाइप करतात की फळ्यावरून उतरवून घेतात? एका यंत्रावर किती जण? मध्येच सोडल्यास पैसे परत मिळण्याचा नियम पावतीवर लिहिलेला आहे का? ‘नोकरीची शंभर टक्के हमी’ लिहिलेल्या फलकाखाली पैसे भरू नका. हमी देणारा हमीची व्याख्या कागदावर देत नाही.

किती दिवसांत येईल? वय जास्त आहे.

रोज पाऊण तास हाताने लिहिलंत तर दोन ते तीन महिन्यांत फाइल वाचून हिशेब काढणारे छोटे प्रोग्रॅम स्वतः लिहाल. रविवारी सलग सहा तास बसण्यापेक्षा रोजचा पाऊण तास बरा, कारण आठवड्याच्या खंडाने निम्मं विसरलेलं असतं. वयाची अडचण नाही. उलट हिशेबनीस, शिक्षक, दुकानदार यांना कोणता प्रोग्रॅम हवा ते आधीच माहीत असतं, विद्यार्थ्याला तो शोधावा लागतो.

यावर नोकरी मिळेल का?

नुसत्या पायथनच्या ओळखीवर, नाही. त्यासोबत एसक्यूएल (डेटाबेसमधली माहिती काढायची भाषा), गिट (कोडच्या आवृत्त्या सांभाळणारं साधन) आणि स्वतः केलेली दोन-तीन कामं लागतात, जी तुम्ही ओळीओळीने समजावून सांगू शकता. मुलाखतीत ‘ही ओळ काढली तर काय होईल?’ असं विचारतात आणि उसनवार प्रोजेक्ट तिथेच उघडा पडतो. गिटहब या संकेतस्थळावर कोड ठेवाल तेव्हा त्यात पासवर्ड किंवा कोणाचे फोन नंबर राहिलेले नाहीत ना, ते पाहा. नंतर पुसलं तरी जुन्या आवृत्तीत ते राहतं.

अडलं तर प्रश्न कसा विचारावा?

‘माझा प्रोग्रॅम चालत नाही’ एवढ्यावर कोणीही मदत करू शकत नाही. पडद्याचा तिरका फोटो तर नकोच, त्यातला कोड चालवून पाहता येत नाही. एररचा मजकूर वरपासून खालपर्यंत कॉपी करा, कोड मजकूर म्हणून द्या, पायथनची आवृत्ती आणि विंडोज की लिनक्स ते सांगा. कोणता आकडा घातला, काय यायला हवं होतं, काय आलं, हे तिन्ही लिहा. आणि दोनशे ओळींचा प्रोग्रॅम पाठवण्याआधी चुकीशी संबंध नसलेल्या ओळी काढत जा, चूक टिकून राहील इतपत. दहा-बारा ओळी उरेपर्यंत कारण बऱ्याचदा तुमचं तुम्हालाच सापडतं, आणि प्रश्न पाठवायची वेळ येत नाही.